सोन्याचा नंबर तिसरा

आमचे सर नमस्कार एका हातानं करतात. करायचे नाही, करतात. परवाच भाजीच्या ठेल्यापाशी भेटले, तेव्हाही तसाच केला. डावा हात पँटच्या खिशात, उजवा छातीशी. नवख्या माणसाला वाटतं, काय मग्रूर म्हातारा आहे! नाही तर वाटतं, बिचाऱ्याचा डावा हात कामातून गेला. दोन्ही खोटं. सर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचे शिक्षक होते आणि त्यांचा नियम होता, की चालू बोर्डापाशी एकच हात पुढे न्यायचा, दुसरा खिशात ठेवायचा. "वीज एका हातानं आत आली आन् दुसऱ्या हातानं बाहेर निघाली, तर मधात काळीज लागते बापा," असं ते सांगायचे. नियम बोर्डापुरता होता, पण खिशात राहून राहून त्या हाताला बाहेर यायची सवयच राहिली नाही. चहा एका हातानं, खडू एका हातानं. स्कूटर तेवढी दोन्ही हातांनी चालवतात, नशीब आपलं.

त्यांच्या घरच्या काकू सांगतात, "लग्नात ह्यायनं मले हार एका हातानं घातला. माह्या बापाले वाटलं, पोराचा हात मोडका हाय आन् आपल्याले फसवलं. मंडपातच भांडण लागत होतं."

दुसरी सवय उलट्या हाताची. कुठलीही धातूची वस्तू सर आधी बोटांच्या मागच्या बाजूनं शिवतात. सरळ तळव्यानं धरली आणि तिच्यात करंट असला तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. उलट्या हातानं शिवलं तर झटक्यासरशी हात आपोआप मागे येतो. हे तुम्हाला कुठलाही वायरमन सांगेल. पण कुठला वायरमन पाहुण्यांच्या घरी जाऊन त्यांचं फाटक, त्यांचा फ्रीज, त्यांची लोखंडी खुर्ची, हातात दिलेला स्टीलचा पेला, सगळं असं उलट्या हातानं चाचपून मगच घेतो? सर घेतात.

ते आमच्याच नंदनवनात राहतात, आमच्यापासून थोड्या गल्ल्या सोडून. उन्हाळा लागला की नागपुरात घराघरांतून कूलर निघतात. लोखंडी पत्रा, आत पाणी, पाण्यात पंप, आणि वायर मागच्या वर्षीची उंदरानं कुरतडलेली. तेव्हा सर संध्याकाळी टेस्टर घेऊन निघतात. कोणी बोलवत नाही. गल्लीतली पोट्टी ओरडतात, "करंटवाले आले वं!" आणि बाया घाईघाईनं दारं लावून घेतात, कारण एकदा सर कूलरपाशी बसले की अर्थिंगची वायर दाखवल्याशिवाय उठत नाहीत. आमच्या शेजारणीनं एकदा पडदा ओढून घरात कोणी नाही असं केलं. सर खिडकीबाहेरून शांतपणे बोलले, "कूलर चालू आहे, म्हंजे घरात आहात. प्लग काढून मंग पाणी भरा. मी उद्या येतो." आणि दुसऱ्या दिवशी आले ना! शेजारीण अजून चिडते. पण आता प्लग काढूनच पाणी भरते.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकलमध्ये. लोक विचारतात, बाईमाणूस असून या कामात कशी आली? मी सांगते, एका हट्टी माणसामुळे. आणि एका म्हातारीमुळे. दोघांचं भांडण माझ्या गळ्यावरून झालं होतं, खरोखरच गळ्यावरून.

झालं असं. माझे मिस्टर इतवारीत टेम्पो चालवायचे, भांड्यांच्या दुकानांचा माल. एकदा माल उतरवताना पाय घसरला आणि पितळी घागरींची अख्खी थप्पी अंगावर आली. कमरेला असं लागलं की खाटेवरून उठणं बंद. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. सासूबाई विधवा, डाळीच्या मिलमध्ये निवडाई करून त्यांनी एकट्यानं पोराला मोठं केलेलं. आता त्यांच्यानंही होत नव्हतं. मी बारावी सायन्स झालेली. कोणीतरी म्हटलं, आयटीआय कर, बुटीबोरीत इलेक्ट्रिशियनला लगेच घेतात. मी जाऊन नाव घातलं. सगळ्यांत शेवटी घातलं, आणि वर्गात मी सोडून सगळे पोट्टे.

पहिल्या दिवशी हजेरी सुरू झाली आणि मी चाट पडले. सर नावं घेतच नव्हते. "चांदी?" "हजर सर." "तांबं?" "हजर." "सोनं? सोनं आज पुन्हा नाही आलं का? ॲल्युमिनियम, त्याच्या घरी जाऊन पाहून ये." प्रत्येकाला एकेक पदार्थ वाटून दिलेला, वीज किती चांगली नेतो त्या क्रमानं. चांदी सगळ्यांत वर, मग तांबं, मग सोनं, मग ॲल्युमिनियम. पुढे जस्त, लोखंड, कथील, शिसं असं उतरत उतरत पार तळापर्यंत. सर त्यांना मार्कही द्यायचे. तांब्याला शंभर धरले तर चांदीला शंभराच्याही वर, सोन्याला सत्तरच्या आसपास, ॲल्युमिनियमला साठ, आणि लोखंड सतरा-अठरावर नापास. "नापास आहे म्हणून त्याच्यातून वीज जात नाही असं समजू नका," लगेच बजावायचे. "तुम्हाले माराले नापासही पुरते."

मी शेवटी आलेली, म्हणून माझ्या वाट्याला आलं गंधक. गंधक वीज बिलकुल नेत नाही, यादीच्या अगदी बुडाशी. पोट्ट्यांना तेवढंच पाहिजे होतं. मी दारात दिसली की, "गंधक आली रे, काड्यापेटी लपवा!" मीही काय कमी आहे का? म्हटलं, "काड्यापेटी नको, तुमच्यासाठी मी बिनकाडीचीच पेटते." चांदीनं माझं नाव तेव्हापासून वहिनी केलं. आजही आमच्यातला कोणी रस्त्यात भेटला की मला त्याचं खरं नाव आठवत नाही. "अरे जस्त, कसा आहेस?" असंच निघतं तोंडातून.

वर्कशॉपच्या दारात एक स्टीलचा डबा असायचा. आत जायच्या आधी अंगठी, कडं, चेन, घड्याळ, सगळं त्यात टाकायचं. "सोनं-चांदी डब्यात, अक्कल डोक्यात," हे सरांचं रोजचं पालुपद. एका पोट्ट्याच्या हातात चांदीचं जाड कडं होतं. सर म्हणाले, "वा! एक नंबरचा धातू आणला. विजेले पायघड्याच घातल्या तू." पहिले काही महिने आम्ही नुसते पाना-पक्कड हातात घेऊन वायरी सोलत होतो, म्हणून माझ्या मंगळसूत्राबद्दल ते बोलले नाहीत. पायातल्या जोडव्यांना त्यांनी परवानगी देऊन टाकली होती, बूट रबराचे आहेत म्हणून. पण चालू पॅनेलचं काम आलं त्या दिवशी त्यांनी डबा माझ्यासमोर धरला. "वाट्या सोन्याच्या, तार सोन्याची. वाकून काम करशील आन् हे पुढं लोंबन. काढ."

मी काढलं. त्यात काय एवढं, संध्याकाळी घालायचंच आहे, असं मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात ह्यांची कंबर अशी धरली की श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या बाकावर ह्यांना आडवं केलं, आणि सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काढलं होतं का वं?" मी गप्प. गप्प म्हणजे हौच. त्यांनी माझा हात ओढून ह्यांच्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. माह्या पोराची शपथ घे, मी सांगतल्याबिगर गळा उघडा करणार नाही." मी घेतली. शिकलेली बाई मी, पण खोटं कशाला सांगू, त्या वेळी मलाही ते खरं वाटलं.

आता इकडे शपथ आणि तिकडे डबा. मी काय केलं, तर काळी इन्सुलेशन टेप आणली आणि अख्ख्या मंगळसूत्राला गुंडाळली, वाट्यांसकट. दिसायला ते सापाच्या पिलासारखं दिसत होतं, पण मी खूश. दोघांचंही झालं! ऊन असं की वर्कशॉपच्या पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत होतो. सरांनी ॲप्रनच्या गळ्याशी काळं काही पाहिलं, जवळ बोलावलं, आणि नखानं टेपचा कोपरा उचलला. तो निघूनच आला. घामानं गोंद सुटला होता. त्यांनी मीटरची एक सुई टेपच्या ओल्या कडेला लावली, दुसरी मानेमागच्या उघड्या राहिलेल्या आकड्याला. काटा टणकन हलला.

"घामात मीठ असते. मिठाच्या पाण्यातून वीज जाते," सर म्हणाले. "आन् सुटलेली टेप टेप नसल्याहून वाईट. कारण तुले वाटते, टेप आहे."

मग मला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, जुन्या पंख्याच्या मोटारी सोडायला. बाकी सगळे पॅनेलवर. रोज तेच. पॅनेलचं काम पुरं झाल्याशिवाय सर शेवटच्या प्रॅक्टिकलला बसू देणार नव्हते, आणि प्रॅक्टिकल नाही तर सर्टिफिकेट नाही, बुटीबोरी नाही, घरात चूल पेटायची सोय नाही. मी सरांना सगळं सांगितलं, शपथेसकट. ते "हं" म्हणाले आणि पुन्हा डब्याकडे बोट दाखवलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मध्ये पडून म्हटलं, "सर, जरा डोळेझाक करा, गरीब घरची बाई आहे." सर त्यांना म्हणाले, "तिचा गळा जळाला तर तिच्या नवऱ्यासमोर तुम्ही उभे राहसान का?" साहेब गेले निघून. मी सायकल स्टँडच्या मागे जाऊन ढसाढसा रडले आणि सरांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. म्हाताऱ्याला माणूस कळत नाही, नुसते धातू कळतात, असं मला वाटलं.

मग रविवार आला. दुपारी दार वाजलं. पाहते तर सर, काखेत कापडी पिशवी, एक हात खिशात. न बोलावता आलेले, पण या वेळी कूलरसाठी नाही. आत आल्या आल्या त्यांनी ह्यांच्या लोखंडी खाटेला उलटा हात लावून पाहिला आणि मगच ते कडेला टेकले.

"खाट चावते का?" सासूबाई सुपातून तूर पाखडत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या.

"नाही आई. सवय."

"आन् तो हात आधी खिशातून काढा. आमच्या घरी असं कोणी नाही बोलत."

मी डोळे मिटून घेतले. पण सरांनी हात काढला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा. मग थेट मुद्द्यालाच हात घातला. गोड बोलणं त्यांना येतच नाही. "आई, धातूचे नंबर असतात. वीज नेण्यात चांदी एक नंबर, तांबं दोन, सोनं तीन..."

"थांबा," सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "सोनं तिसरं?"

"हौ."

"आन् हा माहा तांब्याचा लोटा दुसरा?"

"दुसरा."

"म्हंजे माह्या सुनेचं सोनं या लोट्याहून खाली? मिलमध्ये डोळे फोडून केलं मी ते!"

"वीज नेण्यात खाली, आई. पण तांबं हिरवं पडते, चांदी काळी पडते. सोनं जसंच्या तसं राहते. मान त्याचाच मोठा."

"मंग तसं बोला नं," सासूबाई जरा थंड झाल्या. "तरीबी काढणार नाही ते."

"वर्कशॉपपुरतं. शकुन-अपशकुन आमच्या आजोबानं दीक्षा घेतली त्याच दिवशी सोडला. मले त्यातलं काही समजत नाही."

"तुमच्या आजोबानं सोडला असन. माह्याजवळ हाय," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "मी एकदा काढलं, मास्तर. मी नाही काढलं, बायांनी काढलं. हा पाळण्यात होता. एका खेपेले काढलं ते पुन्हा कधी घालता आलं नाही. या घरात सुनेचा उघडा गळा मले पाहवत नाही. आन् आता हा असा पडून हाय."

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता सर नियम सांगतील आणि सगळं मातीत जाईल. पण सरांनी नियमाचं नावच काढलं नाही.

मग म्हणाले, "तुमची भीती खरी आहे. माहीबी खरी आहे. तिले करंट लागन, ही माही. याले काही होईन, ही तुमची. एकीले हाकलून दुसरीचं काम नाही कराचं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तिच्या गळ्यात काय असलं म्हंजे तुमच्या जिवाले बरं वाटन? सोनंच पाहिजे का?"

हे असं सासूबाईंना आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी विचार केला. "गळा उघडा नोको, बस. माह्या मायच्या वक्ताले सोनं कोणाजवळ होतं? काळी पोत राहे दोऱ्यात, काचेचे मणी. आन् मधात हळकुंड."

"हळकुंड!" सर खाटेवरून उठलेच. "वाळलेलं आहे का घरात?"

पुढचं जे झालं ते पाहून हे सुद्धा खाटेवर कोपरावर उठून बसले. सरांनी पिशवीतून मेगर काढला. मेगर म्हणजे दांडा फिरवला की जबर दाबाची वीज सोडणारी पेटी. वायरचं आवरण पक्कं आहे की नाही ते तिच्यावर कळतं. हळकुंडाच्या दोन टोकांना दोन चिमटे लावले आणि सासूबाईंना म्हणाले, "दांडा तुम्हीच फिरवा. चिमट्याले मात्र हात लावू नका." सासूबाईंनी जातं ओढावं तसा फिरवला. काटा जागचा हलला नाही. "पास!" सर म्हणाले. मग हळकुंडावर पाण्याचे चार थेंब शिंपडून पुन्हा फिरवायला लावला. काटा घसरला. "ओलं झालं की नापास. घाम तर येणारच. थांबा, हे मी घेऊन जातो."

हळकुंड त्यांनी वर्कशॉपमध्ये नेलं आणि मोटारीच्या वायंडिंगला लावतात त्या वार्निशमध्ये बुडवलं. वाळवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळवलं. साऱ्या वर्गानं पाहिलं. चांदी म्हणाला, "वहिनी, आता तुमचा संसार शॉकप्रूफ."

पुढच्या रविवारी सर परत हजर. तोवर सासूबाईंनी काळी पोत ओवून ठेवली होती. सरांनी दोरा ओढून पाहिला. "दोरा कच्चाच पाहिजे. कुठं अडकला तर तुटला पाहिजे."

"असं नाही बोलत!" सासूबाई ओरडल्या. "वाढला म्हणा!"

"बरं, वाढला पाहिजे," सर लगेच म्हणाले. मग मीटर काढून एकेक मणी तपासायला बसले, जपमाळ ओढल्यासारखे. निम्म्यावर आल्यावर काटा हलला. जरा पुढे पुन्हा हलला. सरांनी चष्मा वर करून पाहिलं. काळ्या मण्यांच्या आड दोन बारीक सोन्याचे मणी बसले होते. "आई, हे दोघं बोलले."

"कसे बोलले? मी तर त्यायले गुपचूप बसवलं होतं," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसू लागल्या. ह्यांना हसताना कमरेत कळ आली, तरी हसत होते. आमच्या घरात कित्येक महिन्यांनी कोणी हसलं. ते दोन मणी निघाले. वार्निशचं हळकुंड मध्ये बसलं. सोन्याचं मंगळसूत्र दिवसा सासूबाईंच्या ट्रंकेत आणि संध्याकाळी माझ्या गळ्यात, असा करार झाला. त्या पोतेला असा वास यायचा की सासूबाई नाक दाबून म्हणायच्या, "हळद हाय का पेट्रोल?"

मी पॅनेलवर गेले. डावा हात ॲप्रनच्या खिशात घातला आणि काम शिकले. सरांनी मला कोणापेक्षा कमी रागावलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. सांधा ढिला राहिला की सगळ्यांदेखत उपटून हातात द्यायचे. त्याच्यावरच आता बुटीबोरीत पोट भरतंय.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर आल्या. जेवणाचा डबा घेऊन आयटीआयच्या कडुनिंबाखाली बसल्या. म्हणाल्या, परीक्षा दिवसभराची आहे, तू जेवणार नाही. खरं म्हणजे पहारा द्यायला आल्या होत्या. परीक्षक बाहेरगावचे साहेब, स्वभावानं चांगले. त्यांनी रांगेत एकेकाला पाहिलं आणि माझ्यापाशी थांबले. "बाई, गळ्यात जे आहे ते बाहेर ठेवून या."

सर पुढे आले. सगळं सांगितलं, काच, कच्चा दोरा, हळकुंड, वार्निश, मेगर. साहेबांनी सारं ऐकून घेतलं. "तुम्ही तपासलं म्हणजे पक्कंच असेल. पण गळ्यात काही नको म्हणजे नको. माझ्या नियमात हळकुंड बसत नाही, सर."

हा सरांचाच तर नियम होता, फक्त दुसऱ्याच्या तोंडून आलेला. पोट्टे बोर्डापाशी उभे राहिले. मी तिथंच. हात गाठीपर्यंत गेला आणि थांबला. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी कशी मोडणार होते?

सर मला घेऊन बाहेर कडुनिंबाखाली आले. आडपडदा काही नाही. "आई, मी हरलो. साहेब पोत काढाले सांगून राहिले, आन् ते बरोबर आहेत. नाही काढली तर तिची परीक्षा गेली. काढा असं मी तुम्हाले म्हणत नाही. आता तुम्ही म्हणसान तसं."

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. आतून साहेबांनी सुरू करा म्हटल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, झालं, संपलं, आता घरी चला. मी रडण्याच्या बेतात होते.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. माझ्या मागे आल्या, माझी वेणी बाजूला केली आणि गाठ सोडायला लागल्या. घामानं गाठ आवळली होती. सर म्हणाले, "मी सोडू का?" तर, "तुम्ही नोको. शपथ मी घातली, मीच मोडतो." गाठ सुटली. पोत त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरगा माहा हाय. त्याचं पाहाले मी बसली हाय इथं. तू जाय आपल्या कामाले."

मी गेले. बोर्ड केला, मोटार फिरवून दाखवली, दोष शोधून दिला. साहेबांनी मान हलवली. त्या दिवशी मला माझा गळा एकदाही आठवला नाही.

बाहेर आले तर सर झाडाखाली मांडी घालून बसलेले, आयटीआयच्या आवारात त्यांना असं बसलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. दोघांनी मिळून माझा डबा संपवला होता. सासूबाई विचारत होत्या, "मंग पितळ कितवं?" इतका वेळ त्या बाईला एकटीला भीतीबरोबर सोडायचं नाही, म्हणून हा माणूस तिथून हलला नव्हता. हे मला तेव्हाच कळलं आणि त्यांच्या पाया पडावं असं वाटलं. पडले पण. ते म्हणाले, "उठ उठ, मोटारीची दिशा बरोबर आली का ते सांग."

सासूबाईंनी मला जवळ ओढलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलंच नाही. माझे दोन्ही हात घेतले, पालथे-उताणे करून पाहिले. "शॉक तर नाही नं बसला वं? खरं सांग."

"नाही बसला."

"देवा!" म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. सिटी बसमध्ये बसल्यावर सबंध रस्ताभर त्या मला विचारत होत्या, मोटार कशी फिरली, साहेब काय म्हणाले, पोट्टे कसे होते. शेजारच्या बाईला सांगून झालं, पुढच्या बाईला सांगून झालं, कंडक्टरला सांगून झालं, माही सून परीक्षा देऊन आली म्हणून.

घरी पोचलो तर हे दारातच उभे. त्या दिवसांत काठी धरून थोडं थोडं चालायला लागले होते. आम्हाला उशीर झाला म्हणून भुकेनं कावलेले. "किती वेळ लावला! काही कराल का खायला?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि गळ्यातलं कुठं आहे?"

सासूबाईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला. "अवं माय! इथंच राहिलं की वं! मी तर विसरलीच." आणि त्या उंबरठ्यावर बसून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी रडायला लागल्या. हे घाबरून, काठी टाकून, त्यांच्यापाशी खाली वाकले. त्यांनी ह्यांच्या गालावर हात ठेवला, तो नीट आहे ना ते पाहावं तसा, आणि मला म्हणाल्या, "तुह्या सरले सांग, आमच्या घरी सगळे जिते हायेत म्हणाव. आन् उद्या जेवाले बोलाव त्यायले."